अम्माच्या नावाचा गुरगुट्या भात

"अप्पा, तुम्ही अम्मासाठी चोरून तंबाखू आणता काय?"

प्रश्न धनमने विचारला खरा, पण तो तिचा नव्हता. तो त्रिपुराचा होता. शाळेमागच्या चिंचेखाली डबे खाताना शेजारच्या त्रिपुरसुंदरीने तो तयार केला होता आणि "धमक असेल तर आजच घरी विचारून ये" असं चारचौघींत तिला डिवचलं होतं. एरवी धनमने ते हसण्यावारी नेलं असतं. पण ह्याच महिन्यात वादविवादाच्या स्पर्धेत तिने मुलांच्या शाळेतल्या दोन वक्त्यांना घाम फोडला होता, आणि तेव्हापासून जगात आपण न विचारलेला एकही प्रश्न शिल्लक राहू नये, असं तिचं मत झालं होतं.

अप्पा, म्हणजे कुंभकोणम् स्टेशनातल्या पार्सल ऑफिसचे कारकून हनुमंतराव, नुकतेच कामावरून येऊन कोट खुंटीला लावत होते. कोट खुंटीला लागला नाही, खाली पडला.

"हळू बोल गे," ते स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले. "कोणी सांगितलं तुला?"

"त्रिपुराने तुम्हाला पाहिलं. मोठ्या बाजारात, विड्याच्या दुकानापाशी. पुडी घेतलीत आणि कमरेला खोचलीत."

"ती... ती गुरुमूर्तीची पुडी. आमच्या ऑफिसातला गुरुमूर्ति. त्याला दुकानापर्यंत चालवत नाही."

गुरुमूर्ति दिवसभर तांदळाची पोती उचलून गाडीच्या डब्यात चढवत असे. त्याला चालवत नाही, हे ऐकून धनमला मनातल्या मनात आनंदच झाला. वादविवादात समोरचा असा घसरला की ती हसून खाली बसायची. इथे ती हसली नाही, कारण प्रश्न अम्माच्या जिवाचा होता.

अम्माच्या गालात आतल्या बाजूला कॅन्सर झाला होता. लग्नाआधीपासून तिला तंबाखूच्या विड्याची सवय. जेवण झालं की पानाच्या डब्याचं झाकण वाजायचं, आणि त्या आवाजावर घरातल्यांना वेळ कळायची. मद्रासच्या हॉस्पिटलात तिला रेडियम लावलं, गाल आतून पोळून निघाला, पण रोग गेला. निघताना डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून तंबी दिली होती. तंबाखू जन्मात नाही, विड्याचा डबासुद्धा घरात ठेवायचा नाही. तोंडातली जखम भरून येईपर्यंत मिरची-चिंच नाही. एकादशीसुद्धा करायची नाही. मऊ खायचं, तुपादुधाचं खायचं, वेळेवर खायचं आणि अंगावर मांस धरायचं. कॉफी कोमट प्यायची, ही अट ऐकून मात्र अम्मा डॉक्टरांकडे अशी बघत राहिली, जणू म्हणत होती, की बाकीचं सगळं सोसेन पण कॉफीसाठी नावाजलेल्या कुंभकोणमात राहून मी कोमट कॉफी कोणत्या तोंडाने पिऊ?

पोंगलनंतर पुन्हा दाखवायला जायचं होतं. वजन वाढलेलं असलं तर ठीक. घटलं असलं तर डॉक्टर तिला ठेवून घेणार होते. आणि ठेवून घेतलं तर काय, ते अप्पांनी धनमला एकदाच आणि मान खाली घालून सांगितलं होतं. गेल्या खेपेला तिरुविडैमरुदूरहून आत्या येऊन राहिल्या होत्या; आता त्या येणार नाहीत. घर कोणीतरी बघायला हवं. धनमची शाळा सुटेल.

म्हणून धनम पहाटे न्हाऊन, सोवळ्यातलं लुगडं गुंडाळून, अम्मासाठी स्वतः गुरगुट्या भात शिजवत असे. मूगडाळ घालून, लाकडी डावाने घोटून, वर तुपाची धार. चव पाहायची सोय नव्हती, कारण पाहिली तर उष्टं झालं. पण वास घेऊन तिला कळे की भात साधलाय. तो चुलीच्या वैलावर झाकून ठेवायचा, आपण रात्रीचा दहीभात खायचा आणि शाळा गाठायची. अम्मा-अप्पांची जेवणं ती गेल्यावर व्हायची. रविवारी सकाळी तिची हार्मोनियमची शिकवणी असे. तरी घरी आल्यावर भाताचं पातेलं ती न चुकता पाहायची. घासून पालथं घातलेलं असायचं.

असा भात रोज पोटात जात असूनही अम्माच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. ह्याचा अर्थ एकच. तंबाखूने भूक मरते, हे शाळेत आरोग्याच्या तासाला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अप्पा न्हायला गेल्यावर धनमने कोटाचा खिसा तपासला. आत केळीच्या पानात बांधलेली पुडी होतीच. तिने ती परकराच्या ओच्यात लपवून शाळेत नेली आणि चिंचेखाली उघडली. हिरवीगार पानं, कातरलेली सुपारी, चुना, लवंग.

"तंबाखू नाही गे ह्यात," धनम म्हणाली. तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

"तंबाखू वेगळीच ठेवतात," त्रिपुरा म्हणाली. तिचे आजोबा विडा खायचे, त्यामुळे ह्या विषयात तिचा शब्द शेवटचा. "कोणी झडती घेतली तर सापडू नये म्हणून. तुझे अप्पा विडा खातात काय?"

"जन्मात नाही."

"मग झालं. अम्मासाठीच. तोंड उघडायला लाव तिला."

सांगणं सोपं होतं. आपल्या आईला तोंड उघड म्हणायचं, म्हणजे काय वासरू आहे ती? पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत धनम डबा तसाच टाकून घरी धावली. पुढल्या दाराने न जाता बोळातून परसात शिरली. अम्मा विहिरीपाशी, धुण्याच्या दगडावर पाठमोरी बसली होती. मांडीवर अप्पांचा दुसरा कोट, हातात सुई. ती कोटाची बटणं पुढे सरकवून लावत होती. आणि तिचा चांगला गाल फुगला होता. आत काहीतरी इकडून तिकडे फिरत होतं.

"अम्मा, तोंड उघड."

अम्मा दचकली. सुई बोटात गेली. "अय्यो, तू शाळा सोडून आलीस कशाला गे?"

"आधी तोंड उघड."

अम्माने नाही म्हणून मान हलवली. धनम कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. स्पर्धेत परीक्षकांसमोर उभी राहिली होती तशी. शेवटी अम्माने तोंड उघडलं. आत केळं होतं. कुस्करलेलं, पिकलेलं, साधं केळं.

"भूक लागली होती," अम्मा चोरी पकडल्यासारखी म्हणाली.

"आत्ता तर जेवलीस. इतका भात खाऊन भूक?"

"पोट आहे. लागते." अम्माने दोरा दातांनी तोडायला घेतला, गाल दुखला म्हणून सोडून दिला, आणि मग एकदम धनमवर उलटली. "मला कसले प्रश्न विचारतेस? तुझ्या अप्पांना विचार. इतकी वर्षं पानाला हात लावला नाही माणसाने. मी हॉस्पिटलातून आले नि ह्यांचे ओठ लाल. स्टेशनच्या नळावर चूळ भरून येतात. मला वास येत नाही असं वाटतं त्यांना. बायकोचा गाल जळला म्हणून सुटलं, ते आता नवऱ्याने धरलंय."

धनम परत शाळेत आली ती डोक्यात दोन आरोपी घेऊन. सकाळपर्यंत अम्मा तंबाखू खात होती आणि अप्पा आणून देत होते. आता अप्पा विडा खात होते आणि अम्मा उपाशी होती. आणि भात?

"भात ती कावळ्यांना घालत असणार," त्रिपुरा म्हणाली. "किंवा दूधवालीला देत असेल. ती किती जाडी झालीय बघितलीस?"

पुढले काही दिवस धनमने दूधवालीवर नजर ठेवली. दूधवाली जाडच होती, पण ती आधीपासून जाड होती. परसातल्या कावळ्यांच्या अंगावरही काही फरक दिसेना. पातेलं रोज घासलेलं, अम्मा रोज उतरलेली, आणि अप्पांच्या कोटाची बटणं सरकायला आता कापडच उरलं नव्हतं. ह्या तिसऱ्या गोष्टीकडे धनमने लक्ष दिलं नाही. तिला वाटलं, कोट धुवून आटला.

मद्रासला निघायला थोडे आठवडे राहिले तेव्हा अप्पांनीच विषय काढला. "एकदा आपल्या काट्यावर वजन बघू या. आधीच कळलेलं बरं."

आपला काटा म्हणजे पार्सल ऑफिसचा. हॉस्पिटलातून आणलं त्या दिवशीही अम्माला तिथेच उभं केलं होतं. रविवारी दुपारी, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, तिघं स्टेशनवर गेली. पण काट्यापाशी पोचल्यावर अम्मा अडून बसली.

"ह्याच्यावर मासळीच्या टोपल्या ठेवतात."

"सकाळीच धुतलाय," अप्पा म्हणाले.

"गेल्या वेळी मला शुद्ध नव्हती, म्हणून चढले. आता नक्को."

तिने पिशवीतून धुतलेलं पंच्याचं कापड काढलं आणि काट्याच्या फळीवर अंथरलं. मग त्याच्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. मग पाय ठेवला. गुरुमूर्ति, ज्याला चालवत नव्हतं तो, तांदळाचं एक पोतं सहज उचलून बाजूला ठेवून काट्याचं वजन सरकवायला आला.

काट्याची दांडी डुलली, थांबली. गुरुमूर्तीने वजन एक खूण मागे सरकवलं. पुन्हा एक. अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"गेल्या वेळेपेक्षा सहा रत्तल कमी," ते म्हणाले. त्यांचा आवाज पार्सल हरवल्याची खबर मालकाला देताना यायचा तसा आला.

 अम्माने खाली उतरून कापडाची घडी केली, आणि ती घडी पुन्हा पुन्हा करत राहिली.

 धनमला मद्रासचा तो लांब वॉर्ड दिसला, अम्माची लोखंडी खाट दिसली, आणि मग शाळेतला आपला बाक, त्यावर दुसरीच कोणी मुलगी बसलेली. "काटा बिघडलाय," ती म्हणाली. तमिळमध्ये म्हणाली, म्हणजे गुरुमूर्तीलाही कळावं.

गुरुमूर्तीला ते लागलं. "काटा सरकारी आहे, पाप्पा," तो लहान मुलीला म्हणावं तसं म्हणाला. "तुझ्या अप्पांच्या वजनावरूनच मी तो तपासायचो. गेल्या दिवाळीपर्यंत त्यांचं वजन तोळाभरसुद्धा हललं नव्हतं. या सर, चढा."

"नको, कशाला," अप्पा म्हणाले.

"चढा," धनम म्हणाली.

अप्पा चढले. दांडी धाडकन वर गेली. गुरुमूर्तीने वजन पुढे सरकवलं, आणखी पुढे सरकवलं, आणि मग स्वतःच बुचकळ्यात पडला.

"सात रत्तल जास्त," तो म्हणाला. "बघा, बिघडलाच वाटतं." मग त्याचा चेहरा उजळला. "नाही, नाही. बरोबर आहे. सर रोज जेवून आले की माझ्याकडे विडा मागायचे ना. म्हणायचे, आज पण तो मऊ भात होता रे, तूप छातीशी बसलंय, काहीतरी पाचक दे. आता तर मला देऊ देत नाहीत, स्वतः विकत आणतात. मऊ भाताने वजन वाढणारच."



धनमने आधी अप्पांकडे पाहिलं, मग अम्माकडे. कुठलं पार्सल कुठे उतरलं, हे तिला समोर दिसत होतं, आणि तरी विश्वास बसत नव्हता. "अप्पा, तुम्ही पेशंटचा भात खाता?"

"पेशंटचा नाही गे. पेशंटचा उरलेला." अप्पा काट्यावरून उतरले, पण कुठे उभं राहावं हे त्यांना कळेना. ते अम्माकडे वळले. "तू म्हणालीस ना, मी आधी जेवते म्हणून? डॉक्टरांनी वेळेवर खायला सांगितलं, मी तुला बजावलं, माझी वाट बघू नकोस. तू मान हलवलीस."

"तुम्ही बजावलंत म्हणून मान हलवली," अम्मा म्हणाली. "तुमच्या आधी मी जेवेन? लग्न झाल्यापासून कधी जेवले?"

"मग माझ्या पानात रोज तो भात?"

"तुम्हाला वाढायचा, तुम्ही जेवून उठलात की त्याच पानावर मी बसायचं. नवं काय आहे त्यात? आधी तुमच्या पानात थोडा वाढला. तुम्ही सगळा संपवलात. मला वाटलं, आवडला. दुसऱ्या दिवशी दोन पळ्या जास्त वाढला. तोही संपवलात. मग सगळाच वाढायला लागले. हॉस्पिटलच्या खेपा घालून तुम्ही किती उतरला होतात."

"आणि तू काय खाल्लंस?"

"ताक होतं. ताकात भात कालवून. पानाला आमटी लागलेली असली तर तेवढं झोंबायचं."

नवऱ्याच्या पानावर बायको जेवते, हे धनमने जन्मापासून पाहिलं होतं. आत्या तसंच जेवायच्या, त्रिपुराची आई तसंच जेवायची. दाराला कडी असते, तशी ती गोष्ट होती. तिने कावळे तपासले, दूधवाली तपासली, केळीच्या पानातली पुडी तपासली. जेवणाचं पान तपासायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण स्पर्धा कशाच्या जोरावर जिंकलो, ह्याचा तिला जरा संशय येऊ लागला.

"तुम्हाला आवडत नव्हता तर टाकायचा," अम्मा म्हणाली. "तुम्हाला मिरचीशिवाय घास जात नाही, मला काय ठाऊक नाही? मी तरी म्हणत होते, ह्यांची जीभ बदलली कशी."

अप्पांनी गुरुमूर्तीकडे पाहिलं. गुरुमूर्तीला मराठी येत नव्हतं, पण नवरा-बायकोचं बोलणं कुठल्याही भाषेत असलं तरी कधी बाहेर जावं, हे त्याला येत होतं. तो पोतं घेऊन फलाटावर गेला.

"टाकला कसा असता," अप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "शेजारची मंडळी आपल्याकडे पाणीसुद्धा घेत नाहीत. रोज म्हणतात, आत्ताच कॉफी झाली. त्यांना वाटतं रोग चिकटेल. मला वाटलं, तुझ्या ताटातलं उरलंय. मी पानात टाकून उठलो असतो तर तुला वाटलं असतं, हे पण त्यांच्यातलेच."

अम्मा त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्ही माझं उष्टं म्हणून खात होतात?"

"होय."

"रोज?"

"रोज. कधी कधी फार तूप असायचं."

अम्माने पदर तोंडाला लावला. रडते की हसते ते धनमला कळेना. गाल दुखत असल्यामुळे अम्माला दोन्ही सारखंच जड जात होतं. शेवटी खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, हसतेय. "अय्यो देवा," ती म्हणाली, "मी तुमच्या उष्ट्याची वाट बघत बसले, नि तुम्ही माझं उष्टं म्हणून सगळं फस्त केलंत. आता त्या डॉक्टरला काय सांगणार? औषध दिलं होतं, नवऱ्याला लागू पडलं?"

अप्पाही हसले, आणि हसता हसता त्यांच्या कोटाचं सर्वांत वरचं बटण तुटून काट्याखाली गेलं. ते वाकून शोधू लागले, पण हल्ली त्यांना वाकता येत नव्हतं. धनमने ते काढून दिलं.

घरी परत येताना अम्मा पुन्हा गंभीर झाली. "काही झालं तरी," ती चालता चालता म्हणाली, "तुमच्या आधी जेवायचं माझ्याच्याने होणार नाही. उद्या मी पानावर बसेन, नि घास घशाखाली उतरणार नाही."

"तू नंतरच बस," अप्पा म्हणाले. "मी त्या भाताला हात लावणार नाही."

"तुम्ही शिवल्याशिवाय मी कसा खाऊ?"

"बरं, एक घास खाईन."

"एकाच घासावर उठणार? मग मला वाटेल, तुमचं पोट भरलं नाही. मी अर्धा तुम्हालाच वाढेन."

"मग अर्धा खाईन."

धनम दोघांच्या मागून चालत होती. हा वाद कुठे पोचणार ते तिला स्पष्ट दिसत होतं. पोंगलपर्यंत अप्पांना नवा कोट शिवावा लागला असता. ती दोन पावलं पुढे झाली, वळली, आणि रस्त्याच्या मधोमध दोघांच्या समोर उभी राहिली. मागून येणाऱ्या बैलगाडीलाही थांबावं लागलं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्यापासून दोघांची पानं एकाच वेळी, समोरासमोर मांडणार. वाढणार मी. अप्पांना आमटी-भात, अम्माला गुरगुट्या भात. अप्पांनी आपल्या हाताने अम्माच्या पानात पहिला घास घालायचा, म्हणजे अप्पांनी शिवल्याचं अम्माला समाधान. त्यानंतर कोणी कोणाच्या पानाकडे बघायचं नाही. दोघं जेवून उठेपर्यंत मी उंबऱ्यावरून हलणार नाही."

"लोक काय म्हणतील गे, बायको नवऱ्यासमोर बसून जेवते म्हणून," अम्मा म्हणाली.

"आणि तुझी शाळा दहाला भरते," अप्पा म्हणाले. "रोज उशीर होईल. बाई कारण विचारतील."

"विचारू देत," धनम म्हणाली. "भर वर्गात उभी राहून खरं ते सांगेन. माझे अप्पा माझ्या आजारी अम्माचा भात खातात, म्हणून पहाऱ्यावर होते."